रविवारचा अरीब

— आत नका जाऊ भाभी, पाया पडतो तुमच्या. बसा जी इथं बाकावर, माह्याजवळ. आत तोंडी परीक्षा चालू आहे, एकेकीले बोलावून राहिले, माह्या आधी अजून दोघीतिघी आहेत. एवढ्या सकाळची अकोल्याची गाडी धरून आल्या तुमी, बडनेऱ्याहून आटो केला असन — पानी घ्या. घ्या ना, बाटली उष्टी नाही. तुमच्या हातातल्या त्या टोपीचं सांगतो मी. ती टोपी पार्बताबाईनं विनली. मोझरीजवळच्या बालवाडीत मदतनीस आहे ती, जशी मी तुमच्या अरीबच्या शाळेत आहे तशीच, अन् माह्यासारखीच नोकरी करून रविवारी रविवारी इथं अमरावतीले डिगरी शिकते. तिच्यावर राग नका धरू, तिच्या मनात खोट नाही. थंडी पडली, लेकराच्या कानाले वारा लागन, एवढंच तिच्या डोक्यात. भाचा अकोल्याले चालला होता, त्याच्याजवळ दिली, अन् मले बोललीही नाही — आईच्या हातात पडन, खुशी होईन म्हने. गादीवाल्या अन्सारभाईचं घर जुन्या शहरात कोनीही दाखवते, अन् इथला पत्ता त्या भाच्यानंच दिला असन तुमाले. तिले काय मालूम भाभी. तिलेच काय, इथं कोनालेच मालूम नाही, का अरीब मागच्या साली दिवाळीच्या सुट्टीतच गेला म्हनून. वर्ष होऊन गेलं. इथं सगळ्यायले वाटते तो आहे.

हाव, माह्याचमुळे. मीच सांगत आली. असं पाहू नका माह्याकडे — नाही, पाहा, पाहाले पाहिजे तुमी. पन इथली रीत ऐकून घ्या, मग चप्पल काढून मारली तरी मी हू का चू करनार नाही. आमचे खुशालराव सर आहेत ना, ते म्हनतात, तुमी मदतनीस बाया, शाळेत तुमाले कोनी इचारत नाही, पन लेकराच्या सगळ्यात जवळ तुमीच. तर हरेकीनं एक लेकरू धरायचं, डिगरी होईपर्यंत तेच एक, अन् रविवारी सकाळी गोल बसून पहिले त्याची गोष्ट सांगायची — या हप्त्यात नवीन काय शिकला — मग पुस्तक उघडायचं. मी अरीबले धरलं. दुसरं कोनाले धरनार, दिवसभर माह्या हातात त्याचाच हात. अन् सरांचा एक नियम आहे, पक्का नियम : लेकराले काय येत नाही ते या खोलीत बोलायचं नाही. चालत नाही, बोलत नाही, ऐकत नाही, ते तर सारी दुनिया सांगते, म्हने. तुमी जे जमलं तेवढंच आना. चांगला नियम आहे भाभी, वाईट नाही. त्या नियमानंच मी तुमच्या लेकराले पाहाले शिकली. पहिले मले त्याची लाळ दिसे, लुळा हात दिसे. मग दिसलं का नळ सुटला का तो मान फिरवते. दुकानातला कापूस त्याच्या केसाले चिकटून राहे, तो मी फाटकापाशी रोज वेचत होती, तर ते त्याले समजे, वेचून झाला का मान खाली घाले, का आता दुसऱ्या बाजूनं पाह्य. तुमाले मालूमच आहे. तुमाले नाही मालूम तर कोनाले.

मी काहून नाही आली मातीले — इचारलं नाही तुमी, पन मनात आहे, दिसते मले. मले मालूमच नव्हतं. सुट्टी संपली, शाळा उघडली, मी नेहमीसारखी फाटकापाशी उभी. एक एक लेकरू आत गेलं, घंटा झाली, मी उभीच — तुमची गाडी येईन म्हनून. तर मोठ्या बाई आल्या अन् म्हनाल्या, तो गादीवाल्याचा पोरगा गेला, ताप डोक्यात चढला म्हनते, तू आता पहिलीच्या वर्गावर जा. एका दमात, भाभी. गेला, अन् पहिलीच्या वर्गावर जा. मी गेली. काय करू? पोट्टे रांगेत उभे केले, डबे उघडून दिले. सांजच्याले तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आली होती मी. दुकान उघडं होतं, अन्सारभाई कापूस पिंजून राहिले होते, मान खाली घालून, अन् मले वाटलं या लोकायचं रडनं होऊन गेलं, आता मी कुठं जाऊन नव्यानं रडू. अन् मी कोन? ना नात्यातली ना गोत्यातली. पगारी बाई. तिथूनच वापस फिरली. घरी सांगितलं तर आमचे हे म्हनाले, दुसरं लेकरू देतीन तुले शाळेवाले. देतीन म्हने. तिथूनच वापस फिरली.

मग आला रविवार. मी काहून आली इथं, मले नाही सांगता येत. घरात बसवत नव्हतं म्हना. गोल बसलो, माह्यी पाळी आली. मी म्हनलं, सर, अरीब आता शाळेत येत नाही — एवढंच निघालं तोंडातून, अन् सरांनी हात वर केला. हसले. मंजुषाताई, म्हने, हे नाही ते नाही घरी ठेवा, काय जमलं ते सांगा. सगळ्या माह्याकडे पाहून राहिल्या, अशा गोड तोंडानं, थांबून. तुमी असत्या तर काय केलं असतं? — तुमाले काय इचारून राहिली मी बी. माह्या तोंडातून निघालं, बटन लावते आता. सदऱ्याचं वरचं बटन सोताच्या हातानं लावते. टाळ्या वाजवल्या भाभी सगळ्यायनं. पार्बताबाईनं तर पदर लावला डोळ्याले. त्या टाळ्या वाजत असताना कोन्या तोंडानं सांगू.

पुढच्या रविवारी सांगनारच होती. अल्ला कसम म्हना का देवाची शपथ म्हना, गाडीत बसून घोकत आली — सर, माफ करा, तो वारला. मूर्तिजापूर येईपर्यंत घोकलं. अन् मूर्तिजापूर गेलं का भाभी, काय होते मले नाही समजत, माह्यी ही दोन बोटं जड होतात. तो धरे ना, सगळा हात नाही, ही दोनच. बडनेऱ्याले उतरली तर मी उजव्या बाजूनं सरकून चालून राहिली, जागा ठेवून, जसं शाळेत चालायची. आटोवाला म्हने, बाई, मंधात बसा ना, कोनी येनार आहे का? अकोल्यात मी ढुंढून पाह्यलं त्याले, हासू नका — शाळेत पाह्यलं, नळापाशी, फाटकापाशी, मोर्ना नदीच्या पुलावर उभी राह्यली. कुठंच नाही. अकोल्यात नाहीच तो. अन् इथं उतरली का आहे. इथं त्याचं नाव घेतात, त्याच्यासाठी संत्रं ठेवतात, म्हनतात मंजुषाताई, आपला अरीब कसा आहे? आपला म्हनतात. वापस जाताना बडनेऱ्याले गाडी हालली ना, मी खिडकीतून फलाटाकडे पाहत नाही. पाहवत नाही. लेकरू एकटं ठेवून चालली असं वाटते.

पन मी त्याले घाईनं पुढं पळवलं नाही भाभी, हे ध्यानात घ्या. दुसरी कोनी असती तर वर्षभरात पाढे म्हनाले लावले असते. मी तेवढंच शिकवलं जेवढं तो शिकला असता. बटनाच्या नंतर कितीतरी रविवार काहीच नाही, नुसतं बटनच पक्कं केलं. मग घोट सांडल्याशिवाय पानी प्याला. मग पायरी, भिताडाले धरून, एकच. मी अकोल्यात रातच्याले स्वयपाक करता करता इचार करे का हे जमन का त्याले, पाय उचलन का एवढा — नाही उचलन असं वाटलं तर मी नाही सांगत होती. एक डाव मले वाटलं, वर्ष झालं हे लेकरू एकदाही बिमार पडत नाही, कोनीतरी म्हनन. म्हनून सांगून दिलं, या हप्त्यात ताप आहे त्याले. बस, सांगाले सांगितलं. अन् तो हप्ता भाभी — तो हप्ता मी मेली. अन्न जाईना. पहिलीच्या पोट्ट्यायच्या कपाळाले हात लावून पाहू. मले वाटे, ताप मी दिला, आता रविवार येईपर्यंत उतरवू कसा, अन् मधातच काही झालं तर? काय होनार होतं सांगा? काय राह्यलं होतं व्हायचं? पन मले तसं समजत नव्हतं. रविवारी पळत आली मी त्या वर्गात, चप्पल काढाले नाही थांबली, अन् सगळ्यायच्या आधी सांगितलं, उतरला, उतरला ताप. मग पार्बताबाईनं मले धरलं, कारन मी अशी रडून राहिली होती जशी — जाऊ द्या. तवाच टोपीचं तिच्या मनात आलं असन.

त्या दिवशीच मी ते बोलून बसली, जे नव्हतं बोलाले पाहिजे. नाही, तुमाले नाही सांगत. तुमाले कसं सांगू, तुमी तर आई. — नाही जी, वाईट नाही काही. — भाभी, नका इचारू. — मी म्हनलं, तापात त्यानं अम्मी म्हनलं. साफ म्हनलं, दोन डाव.

रडा. रडा तुमी. मी तिकडे पाहतो.

पाच वर्सं तुमी त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या ना त्या एका शब्दासाठी, फाटकापाशी सोडताना म्हनत, बेटा, बोल, अम्मी. मले ऐकू येत होतं. तो आवाज माह्या कानातच बसला होता, तिथून तोंडात आला. मी चोरी केली तुमची. त्यानं म्हनलं असतं तर तुमाले म्हनलं असतं, तुमच्या घरात, अन् मी ते इथं पराया बायांमधी वाटून टाकलं.

आता ऐका. आज माह्यी तोंडी होऊन मी पास झाली का, मले तिकडे शाळेत शिक्षिका घेनार आहेत, अशाच लेकरायच्या वर्गावर. हात धरून संडासाले नेनारी बाई नाही, शिक्षिका. सरांनी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमले सांगून ठेवलं आहे का या बाईच्या अरीबची गोष्ट ऐकाच. त्याच्यासाठी आली मी तीन वर्सं, घरचं करून, गाडीत उभी राहून. तुमी दोन शब्द आत बोलल्या का ते संपलं. अन् मी अडवनार नाही तुमाले — मघाशी अडवलं ते अडवलं, आता नाही अडवत. हक आहे तुमचा. पन भेव त्याचं नाही मले, खरं सांगतो. मले भेव आहे पास होन्याचं. पास झाली का रविवार संपले. मग मी अमरावतीले काहून येईन? कोन इचारन मले, आपला अरीब कसा आहे? म्हनून ठरवून आली होती का आज सांगून देतो, तुमचे घरचे नागपूरले चालले, तिथं मोठी शाळा आहे, तिथं शिकन तो. तेवढं तरी. रस्त्यावर नाही सोडून जाऊ शकत त्याले. नागपूरले ठेवू का भाभी? तुमी म्हनान तसं. तुमी म्हनलं का, ‘नाही, खरं सांग’, तर खरं सांगतो, आत्ता, तुमच्यासमोर, सगळ्यायच्या तोंडावर. तुमी त्याची आई. मी आजपर्यंत तुमाले इचारलंच नाही.

काय झालं पार्बताबाई? — माह्यी पाळी? — हे… हे आमच्या अकोल्याच्या आहेत, ओळखीच्या. भाभी, उठू नका, बसा. आत सांगून द्या पार्बताबाई, दुसऱ्या कोनाले घ्या म्हना. मॅडम थांबत असतीन तर थांबतीन, नाही तर चालल्या जातीन. जा तुमी. दार लोटून घ्या जाताना.

हं. बोला भाभी. काय इचारून राहिल्या होत्या मघाशी? — ऐकू आलं. ऐकू आलं मले, पन अजून एक डाव बोला. — या हप्त्यात? या हप्त्यात नवीन काय शिकला तो, हेच इचारलं ना तुमी?

या हप्त्यात भाभी, त्यानं —