कायदा शिकण्याआधीची वकिली

घरी बसून इंटरनेटवर कोणी वकील होतं का, असं तुम्ही विचारता. आमच्या आईच्या मते मी नाव घातलं त्याच दिवशी झालो. इस्रायलमध्ये, बेर्शेबात नोकरी सांभाळून मी एका परदेशी विद्यापीठाची कला आणि कायदा अशी जोडपदवी करत होतो. पहिलं वर्ष नुसतं तत्त्वज्ञानाचं. आईने मात्र सिनेगॉगमध्ये सांगून टाकलं, "पोरगा लॉयर झाला."

लगेच तिचा भाऊ, शिमशोनमामा, मला नेतिवोत गावी आपल्या घरी घेऊन गेला. वरच्या मजल्यावरच्या आव्रामच्या एसीचं पाणी मामाच्या बाल्कनीत गळून भिंत फुगली होती. सांगून सांगून मामा थकला होता.

"मामा, मला अजून कायदा शिकवलेला नाही."

"मग काय शिकवलंय?"

"न्याय म्हणजे काय, ते."

"मला तेच पाहिजे," म्हणत मामाने आव्रामचं दार वाजवलं.

एकही कलम येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते मी हिब्रूत सुरू केलं. "एसी तुमचा, मग त्याचं पाणी परक्याचं कसं? थंडावा ठेवून घ्यायचा आणि पाणी सोडून द्यायचं, याला मालकी म्हणावी का?" आव्राम उत्तर देई, मी त्या उत्तरातून नवा प्रश्न काढी. आत त्याचं जेवण निवत होतं.

शेवटी तो मामाला म्हणाला, "उद्या पाईप फिरवतो. याला घेऊन जा."

जिना उतरताना मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कायद्याचं आता राहू दे," तो म्हणाला. "उगाच चांगली वकिली बिघडेल."