नळीवरचा हात

आधी तक्रार, नमस्कार मागाहून. चार वर्षं मी ज्या गोष्टीसाठी मोठ्या डॉक्टरांना हात जोडत आले, त्यातली खरी गोम मला आज, या माईकवरून, हशा-टाळ्यांत कळावी?

असो. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मोठे डॉक्टर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या फोटोवाल्या बाई आणि समोर बसलेले सगळे, पेशंटतर्फे मला बोलायला बोलावलंत, आभारी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माझ्या मणक्यात रक्ताची एक शीर भलतीकडेच जोडली गेली होती. पायांचं लाकूड झालं होतं. सून उचलून न्हाणीत न्यायची आणि वर माझेच टोमणे खायची. ऑपरेशनला मला पालथं घातलं. मांडीत आधीच बसवलेल्या नळीतून औषध सोडून बाई शिरांचे फोटो काढणार, त्यात तो जोड बंद झाला का ते दिसणार, एवढं मला समजावलं होतं.

पुढचं डॉक्टर आत्ता बोलले. जोड सापडला, चिमटा बसला, फोटो स्वच्छ आला. नळी काढा, पाठ शिवा, असं ते म्हणाले. तर बाईंनी नळीवर हात ठेवला. "वरच्या मणक्याचा फोटो राहिलाय. तोवर हात काढणार नाही." डॉक्टर चिडले, घड्याळ दाखवलं, नको ते बोललेही म्हणे. बाई हलल्या नाहीत. फोटो काढला, तर वरून दुसरी शीर त्याच जागी रक्त ओतत होती. मग तीही बंद केली.

तुम्ही हसलात. मला कसं हसू येईल हो? पालथी मी पडले होते. माझे दोन्ही पाय त्या एका तळहाताखाली होते.

बाई, दर तपासणीला 'कशा आहात आजी' विचारलंत आणि हे पोटात ठेवलंत? डॉक्टर, तुम्ही आपणहून सांगितलंत, म्हणून अर्धी शिवी माफ.

आभार मानते. कमीजास्त बोलले असेन तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. पण सोमवारी वॉर्डातली ती शिलाईवाली त्याच टेबलावर पालथी पडणार आहे. मशीनचं पायडल मारता येईना म्हणून आलीय. तिच्या नळीवर हात कोण ठेवणार? डॉक्टर, तुम्ही बोलायचं नाही. बाई, तुम्हीही नाही. मागच्या रांगेतली, बाईंच्या जागी येणारी ती नवी मुलगी, तिनं उत्तर द्यायचं. आत्ता, सगळ्यांसमोर. तोवर मी इथे उभी आहे.