मार्थाबाईच्या ओठांवरचा शब्द

पाळकसाहेब, दानियल, सूनबाई, आणि कामतघरच्या माझ्या सगळ्या बायांनो,

मला असं चार माणसांपुढं उभं राहून बोलायची सवय न्हाय. आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका. सगळा जन्म कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात गेला, हळू बोलायचं विसरले. काल दानियल घरी आला. म्हणाला, "मंदामावशी, पाळकसाहेब देवाबद्दल बोलतील. आईबद्दल तू बोल. तिच्या गोष्टी सांग." आता त्या गोष्टी तिच्या तोंडच्या. माझ्या तोंडून कशा निघणार? पण त्यातल्या एका गोष्टीनं मला अजून सोडलेलं न्हाय. तेवढी सांगते आणि बसते.

ज्यांना ठाऊक न्हाय त्यांच्यासाठी. मार्थाबाई नगरकडची, लग्न होऊन भिवंडीत आली. मी टेमघरची, आगऱ्यांची. ही पुढं बसलीय ती सकीना, ती इथलीच. आम्ही तिघी एका कारखान्यात कांड्या भरायचो. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. साचे चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत न्हाय. म्हणून आम्ही ओठ वाचायचो. शेठ येतोय, चहा आला, सून भांडून गेली, सगळं ओठांवर.

मग लाईट जायची. कारखाना एकदम गप्प. आणि मार्थाबाई गोष्ट सांगायची. तिच्या शास्त्रातली. माशाच्या पोटात गेलेल्या माणसाची सांगितली, तर सकीना म्हणाली, "अरे, ये तो हमारे यूनुस नबी हैं." पुढची अर्धी गोष्ट मग सकीनानंच सांगितली. एकदा दोन बहिणींची सांगितली. एक घरात राबते, दुसरी प्रभूच्या पायाशी ऐकत बसते, आणि प्रभू कौतुक करतो ते बसलेलीचं. आम्ही सगळ्या उखडलो. मी म्हटलं, "मग जेवण काय आभाळातून पडणार होतं?" त्या राबणारीचं नाव मार्था. आमची मार्थाबाई म्हणाली, "म्हणूनच बापानं माझं नाव हे ठेवलं वाटतं." हसा, पाळकसाहेब. तिला चालेल.

आता जे सांगायचंय ते सांगते.

माझी थोरली, कुंदा. पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्यात पण हाय, आमच्यात पण. मी आणायला गेले. तिची सासू म्हणाली, घरात लग्न हाय, तेवढं उरकू दे, मग पाठवते. कुंदा मला सोडायला दारापर्यंत आली. म्हणाली, "आये, परत ये गं न्यायला." मी परत गेले, परत तेच उत्तर. पाठवलीच न्हाय. तिथंच गेली. पोटातलं पण गेलं.

आमच्यात बाळंतपणात गेलेल्या बाईला घाबरतात. अळवंत होते म्हणतात. भूत होऊन मागं फिरते म्हणतात. तिच्या सासरच्यांनी मसणापासून घरापर्यंत मोहरी टाकत आणली, उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला. ते तर परके. पण माझ्या घरी, माझ्या सासूनं, कुंदाच्या सख्ख्या आजीनं पण खिळा ठोकला. म्हणाली, "ती पहिली माहेरीच येणार." बायांनो, जिवंत होती तोवर माझ्या पोरीला माहेरी येऊ दिलं न्हाय. मेल्यावर पण न्हाय. त्या खिळ्यावरून पाय टाकून मी कामाला जायला लागले.

असंच एक दिवस दुपारी लाईट गेली. बाया म्हणाल्या, आज गोष्ट नको, मंदा बसलीय. मार्थाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, सांगते. लाजराची सांगितली. भाऊ आजारी पडला, बहिणींनी प्रभूला निरोप धाडला, प्रभू वेळेवर आलाच न्हाय. भाऊ मेला. मग प्रभू आला तेव्हा ती बहीण, तीच राबणारी मार्था, त्याला वाटेतच गाठते. म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मी कांडी खाली ठेवली. देवाला असं बोलता येतं? मला तर कोणालाच बोलता आलं नव्हतं. मग प्रभू रडला, असं ती म्हणाली. रडला आणि म्हणाला, थडग्यावरची धोंड बाजूला करा. घरचेच म्हणाले, नको, चार दिवस झालेत, वास येईल. सगळे घाबरलेले. माझ्या सासूसारखे.

"आणि प्रभूनं मोठ्यानं हाक मारली," मार्थाबाई म्हणाली, आणि लाईट आली. साचे सुरू झाले. पण ती थांबली न्हाय. माझ्याकडं बघून तिनं ती हाक ओठांनी पुरी केली. मी वाचलं. माहेरी ये.

मला परत वाचायची गरजच नव्हती. माहेरी ये. त्या संध्याकाळी मी पक्कड घेतली आणि उंबऱ्यातला खिळा उपटला. सासू छाती बडवायला लागली. मी म्हटलं, देवानं बोलावलंय तिला, तुम्ही कोण अडवणाऱ्या?

कुंदा आली का? मला विचारू नका. कधी मोरीत पाणी ओतल्याचा आवाज यायचा. कधी दारात कोण तरी चपला काढतंय असं वाटायचं. मी उठून बघायची न्हाय. बघायला गेलं की कोणी नसतं, एवढं मला कळलं होतं. मी आपली बसल्या जागेवरून म्हणायची, आलीस, बस.

असे किती पावसाळे गेले. मग दानियलचे वडील वारले. मी तुमच्या देवळात गेले होते. तेव्हाच्या पाळकांनी तीच गोष्ट वाचली, आणि हाक आली तेव्हा वाचलं, "लाजरा, बाहेर ये." बाहेर. मातीहून परत आल्यावर मी मार्थाबाईला म्हटलं, "तुमच्या पाळकानं चुकीचं वाचलं." बघा माझी अक्कल. नवऱ्याला पुरून आलेली बाई, आणि मी तिच्याशी शास्त्रावरून भांडतेय. ती म्हणाली, "मंदा, बाहेरच हाय गं ते."

घरी गेल्यावर तुम्ही आरशासमोर बोलून बघा. ब बोला, म बोला. ओठ तसेच मिटतात, तसेच उघडतात. आणि वेलांटी तर ओठांवर दिसतच न्हाय.

मी तिला खिळ्याचं सांगितलं. तिला ते ठाऊकच नव्हतं. ती स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवून, आवाज न काढता, तो शब्द परत परत बोलत राहिली. आणि मला म्हणाली, "मंदा, आता मलाच आठवत न्हाय मी त्या दिवशी काय बोलले होते."

ही बाई खोटं बोलायची न्हाय. सकीनाला विचारा. मग हे काय होतं? माझ्यासाठी आयुष्यात एकदा खोटं बोलली, की खरंच तिच्या तोंडून ते निघालं होतं? मला ते पाहिजे होतं. म्हातारी झाले तरी पाहिजेच होतं. या आजारात तिची वाचा गेली, तेव्हा मी घाबरून तिच्याकडं धावले. खाटेपाशी बसले, म्हटलं, "मार्थाबाई, आता तरी सांग. काय बोलली होतीस?" तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ मिटले. ओठ उघडले. एक शब्द बोलली. दानियल बाजूलाच होता, म्हणाला, "मावशी, आई काय म्हणाली?" मी त्याला म्हटलं, नंतर सांगते.

आज सांगते, दानियल. मला समजलं न्हाय.

पाळकसाहेब, मगाशी तुम्ही मला विचारलंत, तुम्ही आमच्या धर्माच्या न्हाय, मग या गोष्टी एवढ्या धरून का ठेवल्यात? मला धर्मातलं कळत न्हाय. मेलेल्या माणसाला सगळे सांगतात, जा. आम्ही मोहरी टाकतो, तुम्ही माती टाकता. त्या एका गोष्टीत कोणीतरी थडग्यापाशी उभं राहून, नाव घेऊन म्हणालं, ये. कुठं ये, ते राहू द्या. माझ्या पोरीला तसं म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या उंबऱ्यात खिळा परत ठोकलेला न्हाय, आणि मी हाय तोवर कोणी ठोकणार न्हाय.

आता सगळे उभे राहा. मार्थाबाईसाठी थोडा वेळ गप्प राहू. मी तिला एक हाक मारणार हाय, आवाज न काढता. ज्यांना ओठ वाचता येतात त्यांनी वाचा. मग मला विचारू नका मी काय बोलले.