मुलगी उठली नाही

नाही फादर, चष्मा ठीक आहे माझा—चुकून नाही, मुद्दाम चुकीचं वाचलं. बसा ना. दाराबाहेरून ऐकलंत आणि तसेच आत आलात, बरं झालं, निदान कुणाला तरी टोचलं. ‘प्रभूनं मेलेल्या मुलीचा हात धरला, स्वल्पविराम, पण मुलगी उठली नाही, पूर्णविराम’—असंच वाचलं मी. स्वल्पविराम कशाला वाचते? सवय, दुसरं काय! ताई आणि मी एकाच छापखान्यात, जन्म गेला तिथं. छापून आलेला कच्चा कागद मी चुका पकडायला मोठ्यानं वाचायचे, विरामचिन्हांसकट, आणि ताईपुढे लेखकाची मूळ प्रत. मी चुकले की ती बोलायची नाही हं—बोटानं टेबलावर टक्. बस. मालकापेक्षा त्या बोटाला मी जास्त घाबरायचे. घरीसुद्धा तेच—शेजारणीला मी जरा तिखटमीठ लावून काही सांगायला लागले की टक्! तोंडातून शब्द न काढता माझी फजिती करायची.

म्हातारपणी तिनं तुमचं हे शास्त्र, बायबल, जवळ केलं. पुढं डोळे गेले, मग वाचायची पाळी माझ्यावर—माझ्यावर, जिनं उभ्या जन्मात कुठल्या देवाला हात जोडले नाहीत! वाचायचे आणि भांडायचे. हंगाम नसताना तुमचा प्रभू अंजीर मागतो आणि झाडालाच शाप देतो—मी म्हटलं, झाडाचा काय गुन्हा? तो सज्जन माणूस, देवाच्या परीक्षेत त्याची सगळी पोरं मेली, आणि शेवटी देव त्याला नवी पोरं देतो—म्हणजे काय, कप फुटला, दुसरा घ्या? त्या पोरांना आई होती ना? तिला विचारलं कुणी? तुम्ही हसताय, ताईही हसायची. म्हणायची, तू भांडतेस म्हणजे वाचतेस तरी, बाकीचे नुसत्या माना डोलावतात. एक सांगू? ती झोपली तरी मी पुढं वाचत राहायचे. विश्वास नाही हो, विश्वास कुठला—राग. पण ज्याच्यावर एवढा राग येतो, तो कुठंतरी असायला हवा की नाही? म्हणजे... जाऊ द्या. ते काही नाही.

आणि परवापासून ही अशी. यंत्र श्वास घेतं, हिची छाती हलते. डॉक्टर म्हणतात, आत आता कुणी नाही. भाचा येतोय—ताईचा मुलगा, वाईट नाही हो तो, रडून रडून अर्धा झालाय—म्हणाला, मावशी, एखादी खूण दिसली तर थांबू, नाहीतर आज दुपारी यंत्र काढू दे त्यांना. खूण! मग मला सुचलं. हे पुस्तक तिला तोंडपाठ. हाका मारून उठणार नाही ती, पण चूक? चूक तिला सहन व्हायची नाही! म्हणून सकाळपासून हेच चाललंय—आंधळ्याला दिसलं नाही, वादळ शमलं नाही, हरवलेलं मेंढरू लांडग्यानं खाल्लं—हो, तेही वाचलं. तिच्या हाताखाली पुठ्ठा ठेवलाय बघा, टक् ऐकू यावं म्हणून. आणि फादर, रागावू नका, पण चुकीचं वाचता वाचता मला तेच पटायला लागलंय. मूळ प्रत अशीच असणार. मागाहून कुणाला तरी दया आली आणि त्यानं दुरुस्त्या केल्या. टक् कुठली? काही नाही. काही म्हणजे काही नाही.

पावलं ऐकलीत? भाचाच. डॉक्टरही आहेत बरोबर. ऐका, जवळ या जरा—तुमचा शब्द तो मानतो. एवढंच सांगा, बोट हललं. मी सांगितलं तर म्हणतील, मावशीला भास झाला. तुम्ही सांगितलंत तर एक दिवस थांबतील, एकच दिवस हो, जास्त नाही मागत मी. काय? खाली काय बघताय? मेलेली मुलगी उठून बसली म्हणून दर रविवारी छातीठोक सांगता—तिथं होतात का तुम्ही? पाहिलीत का तिला? आणि इथं माझ्या ताईचं बोट हललं, एवढं म्हणायला जीभ रेटत नाही?

बरं. उठा. ती खुर्ची भाच्याला लागेल.