नैवेद्याची सीट

परवाचं ऐका. आमचं घर कुठंही निघालं की तीन गाड्या निघतात. एवढं पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणून भांडून भांडून मी आजोबांना सात सीटर बघायला तयार केलं. बारामतीहून सेल्समन गाडी घेऊन सणसरला आला.

आजोबा म्हणाले, "नरसिंहपूरला नेऊन बघू. समदं घर मावलं तरच घेऊ."

माझ्या सीटवर आईनं नैवेद्याची पाटी ठेवली आणि पट्टा लावला.

"आई, डिकीत ठेव की."

"देवाचं डिकीत ठेवत्यात व्हय?"

सेल्समनच्या जागेवर शेजारच्या काकू बसल्या. देवाला निघालेल्या बाईला उठवणार कोण? वडिलांनी गाडी काढली. मी आणि सेल्समन मोटारसायकलवरून मागोमाग गेलो.

देवळापाशी आजोबा खुशीत उतरले. मला म्हणाले, "तुझं खरं हाय. एका गाडीत समदं घर मावलं."