चुलत्यांचं डोकं कुठं ठेवायचं

डिझाईनचे पैसे मागताना मला भीड कशी वाटत नाही, असं विचारता ना? त्याला कुरुळीचे अण्णा कारणीभूत आहेत. वाढदिवसाचा फ्लेक्स करायला माझ्या थेरगावच्या दुकानात आले आणि दर ऐकून म्हणाले, "ताई, छपाईचे घे की. डिझाईनचे कसले? फोटो तर समदे आमचेच हायत."

मी भांडले नाही. खुर्ची पुढं सरकवली. "बसा अण्णा. कोण कुठं ते तुम्ही सांगा, मी नुसता माऊस फिरवते. फुकट."

अण्णा खूश. आधी मेहुण्याला वर घेतलं. मग लक्षात आलं, चुलते खाली राहिले. चुलत्यांना वर नेलं तर सरपंच कोपऱ्यात गेले. सरपंचांना मोठं केलं तर मेहुणा त्यांच्या फेट्याआड गेला. चहा तसाच गार झाला. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, "ह्यो असा लागला तर भावकी माझ्या दारात पाय ठिवायची न्हाई. तूच कर बाई. घे तुझे डिझाईनचे."

मी अण्णांना मधोमध घेतलं आणि बाकीच्यांना एकाच मापात त्यांच्याभोवती गोल बसवलं. आता जो तो म्हणणार, अण्णांच्या शेजारी मीच. अण्णांनी घासाघीस न करता सगळे पैसे दिले.

तेवढ्यात मागं उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "डिझाईनचे वेगळे कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा वळले. "गपगुमान दे. न्हाईतर आधी सांग, तुझ्या चुलत्याचं डोकं कुठं ठिवतो?"