न फुगणारं झाकण

…आणि वर मलाच विचारतात, “हिल्डिंग, तुला हा उद्योग सांगितला कुणी?” कुणी सांगितला! जसा काही मी सकाळी उठलो, कॉफी प्यायलो आणि म्हणालो, चला, आज गावात बारा बॉम्ब ठेवूया! आल्गोतने सांगितला हो, आल्गोतने! मी आपला निवृत्त माणूस. एक्केचाळीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात झाकणांच्या डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, कोरल्या, शाळा सहावीपर्यंत, समुद्रात दोनदा बुडता बुडता वाचलो, एकदा बोरं वेचताना अस्वल समोर आलं तर त्याला शिव्या देऊन हाकललं… आणि तो मी, तुम्हाला सांगतो, एका वीतभर डब्याला घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो. लपवायचं काय त्यात?

तर आल्गोत. आमच्या ग्रोविक गावचा मासळीवाला. बापापासूनचा धंदा. वसंतात हेरिंग मासा पकडायचा, पिंपात खारवायचा, आंबवायचा, जुलैत डब्यात भरायचा. आता आंबलेला मासा डब्यात गेला म्हणून काय शहाण्यासारखा झोपतो? तो आत आंबतच राहतो, वायू सोडतो, आणि डबा फुगतो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, डबा फुगला म्हणजे मासा झाला, खायला तयार! पण आल्गोतला माल धाडायचा होता दक्षिणेला. तिथले दुकानदार फुगलेला डबा बघतात आणि ‘नासला, नासला’ करत परत पाठवतात. म्हणून हा गेल्या शरदात माझ्याकडे आला, वेलदोड्याचे गोड पाव घेऊन आला. आल्गोत स्वतःहून पाव आणतो म्हणजे काहीतरी भलतं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“हिल्डिंग, मला फुगणार नाही असं झाकण करून दे.”

“आणि आतला वायू जाईल कुठे?”

“ते तू बघ. तुझ्याइतकं झाकणातलं कळतं कुणाला?”

झालं. इथेच फसलो. म्हाताऱ्या माणसाची अशी स्तुती करू नये, त्याला उतारवयात पंख फुटतात.

तुम्हाला वाटेल, झाकण म्हणजे काय मोठं! गोल पत्रा कापला, कडेला घडी मारली, संपलं. अहो, सपाट पत्र्याला खालून दाब आला की तो मधोमध पोट काढतो. बरं, जाड पत्रा घ्यावा, तर कडेची घडी नीट मिटत नाही आणि तिथून गळतं. मग करायचं काय? कडेला लागून आतल्या बाजूने एक खोल चर काढायचा, उभ्या भिंतीचा, म्हणजे मधल्या पत्र्याला बसलेली ओढ त्या भिंतीवर जाते, आणि मध्ये दोन गोल पायऱ्या. पण चर जास्त खोल झाला की पत्रा तळाशी फाटतो, उथळ राहिला की झाकण फाट्‌कन उलटतं, वाऱ्यात छत्री उलटते ना, तसं! सात डाय कोरल्या मी. अख्खा हिवाळा गेला. गुनबोर, म्हणजे माझी बायको, जेवायला हाका मारून मारून थकली आणि शेवटी ताट लेथवर आणून ठेवायला लागली. सातवी डाय जमली. वरचं झाकण तसंच, तळही तसाच.

मग चाचणी. डब्याला नळी बसवली, पंपाने हवा भरायला घेतली. जुनं झाकण काट्यावर दीडचा दाब दिसला की पोट काढायचं. माझं? दोन… तीन… चार… गुनबोर दाराबाहेरून ओरडतेय, “पुरे कर रे, खिडक्यांच्या काचा नव्या आहेत!” पाच… सहा! पट्टी आडवी ठेवून पाहिलं, केसभर उठलं नव्हतं.

“आणि पुढे?” आल्गोत म्हणाला.

पुढे काय? माझ्या पंपाचा काटा सहालाच संपतो! सहा म्हणजे भरपूर, असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि उरलेले पाव खाल्ले.

आता पुढचं ऐका. ऑगस्टचा तिसरा गुरुवार. वर्षाचा पहिला डबा फोडायचा दिवस. गावच्या अंगणात बाकं मांडलेली, पातळ भाकऱ्या, उकडलेले बटाटे, कांदा, साय, सगळं तयार. आल्गोतने आदल्या रविवारीच माझ्या झाकणाचे पहिले बारा डबे चर्चच्या शिवणमंडळातल्या बारा बायकांना वाटले होते. का? तर त्यांनी चांगलं म्हटलं की गाव चांगलं म्हणतं. मी नवा सदरा घालून बसलोय, चारचौघांत कौतुक होईल म्हणून… आणि माझी सासू आली. रूत नाव. वय त्र्याण्णव. शिवणमंडळाची अध्यक्ष. डबा टॉवेलात गुंडाळून आणलेला, आणि टॉवेलातून वाफ येतेय.

“जावई,” ती म्हणाली, “तुझा मासा मेलाय.”

“सासूबाई, डबा गरम का आहे?”

“रविवारी वरून हात फिरवून पाहिला. सपाट! म्हटलं, हा आंबलाच नाही. याला ऊब द्यायला हवी.”

“ऊब? कसली ऊब?”

“कसली म्हणजे? सौनाची! सोमवारपासून त्या वाफेच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवला होता. कालपासून पाहुणे आहेत घरात, तीनदा सौना तापवली. आत्ता तिथूनच उचलून आणला. तरी बघ मेला, ढिम्म हलायला तयार नाही!”

मी नखाने झाकणावर टिचकी मारली. टिंग! तुम्हाला सांगतो, डब्यात नुसता मासा असला तर ‘टप’ वाजतं. टिंग म्हणजे पत्रा आतून असा ताणलेला, असा ताणलेला, की… घाबरलो. सरळ सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, फुगलेला डबा कसा असतो? तो लांबूनच सांगतो, ‘बाबा, माझ्या पोटात एवढं आहे, जपून.’ आणि माझा डबा? आत दोन असो, सहा असो, बारा असो, त्याचं तोंड तेच! हसतमुख! मीच त्याचं तोंड शिवलं होतं आणि वर सदरा घालून कौतुक करून घ्यायला बसलो होतो!

मी तो डबा दोन्ही हातांनी असा उचलला, जसं पाळण्यातून झोपलेलं पोर उचलावं, आणि बिअर थंड करायला ठेवलेल्या टबात अलगद सोडला. चर्रर झालं. सासू म्हणते, “अरे, आता कुठे ऊब लागत होती!”

“सासूबाई, हा फुटला असता!”

“फुटला असता? मग बाकीच्यांनाही सांग बाबा.”

“बाकीचे… कोण बाकीचे?”

“मंडळातल्या. मी सगळ्यांना फोन केला होता ना! म्हटलं, हिल्डिंगचा मासा थंड पडलाय, ठेवा सगळ्या सौनात.”

अकरा घरं. अकरा सौना. सगळ्यांकडे पाहुणे, सगळ्यांच्या चुली पेटलेल्या, आणि वरच्या फळीवर माझं झाकण, सपाट, गोड, हसतमुख! मी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत अशी लावायला लागलो की शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं, थंडी वाजते का म्हणून. ऑगस्टात!

गुनबोर पळाली फोनकडे. “कुणीही हात लावू नका! सौनातून बाहेर पडा, दार लावून घ्या!” आणि हात लावू नका म्हटल्यावर काय केलं या बायकांनी? सगळ्यांनी जाऊन हात लावला! मासा जागा झाला का बघायला!

मी मोपेड काढली. आमच्याकडची मोपेड तुम्ही पाहिलीच आहे, तीन चाकं आणि लाकडी खोकं पुढे. पुढे! मागे नाही! म्हणजे जे काही उडेल ते आधी माझ्या नाकाला भेटून मग वर जाणार. खोक्यात ताडपत्री अंथरली, विहिरीचं पाणी ओतलं, डोक्यावर दूध तापवायचं पातेलं बांधलं आणि निघालो. हसू नका! तुम्ही असता तर दोन पातेली बांधली असती.

पहिल्या घरी डबा उचलला, पाण्यात. दुसऱ्या घरी, पाण्यात. तिसऱ्या घरची म्हातारी दारात आडवी, “माझा मासा मी देणार नाही, तो आत्ता कुठे गुरगुरायला लागलाय!” गुरगुरायला! मी तिच्या काखेखालून वाकून आत शिरलो. पाचव्या घरानंतर खडीचा रस्ता. खोक्यात पाच डबे एकमेकांवर आपटतायत, टिंग… टिंग… आणि दर टिंगला माझे डोळे आपोआप मिटतायत, आणि डोळे मिटून मोपेड चालवतोय मी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी! घाबरलो हो. देवाला म्हटलं, चाळीस वर्षं चर्चला आलो नाही, ते मनात ठेवू नकोस.

दहा झाले. अकरावं घर आल्गोतचं. त्याची बायकोही मंडळात, ती गावच्या अंगणात भाकऱ्या वाटत होती. घरात कुणी नाही. सौनाच्या धुराड्यातून धूर. मी दार उघडलं, वाफ बाजूला झाली, आणि आत आल्गोत! जन्मला तेव्हाच्या वेशात, वरच्या फळीवर, डोळे मिटून, आणि डबा त्याच्या पाठीमागे, उशीसारखा!

“आल्गोत,” मी हळूच म्हणालो, “हलू नकोस.”

“ये, ये हिल्डिंग! दार लाव, वाफ जाते. डोक्यावर काय घातलंयस?”

“तुझ्या पाठीमागे डबा आहे.”

तो वळला, डबा हातात घेतला, निरखून पाहिला, आणि काय म्हणाला माहितेय? “वा! एवढ्या उष्णतेत सपाट! हिल्डिंग, तू जिंकलास!”

“अरे मूर्खा, सपाट आहे म्हणूनच! खाली ठेव! नको, ठेवू नकोस! धरून ठेव, पण दाबू नकोस!”

“का?”

“आत किती आहे मला माहीत नाही!”

“सहा असेल. तू सहा केलं होतंस ना?”

“सहाला माझा काटा संपला होता रे!”

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. गोरा माणूस, सौनात लालबुंद झालेला, तो माझ्या डोळ्यांदेखत परत गोरा झाला. डबा हातात, अंगावर चिंधी नाही, आणि तसाच पायऱ्या उतरून, एकेक पाऊल मोजत माझ्या खोक्यापर्यंत आला. रस्त्यावरून पाहुण्यांनी भरलेली गाडी जात होती, ती थांबली. त्यांनी हात हलवला. आल्गोतला परत हलवता आला नाही, हात गुंतले होते.

धक्क्यावर अकराही डबे जाळ्यात घालून समुद्रात सोडले. मागून गुनबोर टबातला बारावा घेऊन आली. थंड पाण्यात वायू आक्रसतो, एवढं आम्हाला सहावीत शिकवलं होतं. किती आक्रसतो, ते सातवीत शिकवत असावेत. म्हणून दोन तास थांबलो. अख्खं गाव धक्क्यावर जमलं, पण वीस पावलं मागे. आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

“कुणीतरी उघडायला हवा,” आल्गोत टॉवेल सावरत म्हणाला.

“कुणीतरी म्हणजे कोण?” मी म्हटलं.

“झाकण कुणाचं?” सासू म्हणाली.

पालथा पडलो धक्क्यावर. आल्गोतने पाय धरले. गुनबोरने पातेल्याचा बंद आवळला आणि कानात म्हणाली, “डोळे मीट, आणि चुकूनही वाकून बघू नकोस,” आणि बंदाला दुसरी गाठ मारली, तुम्हाला सांगतो, छप्पन्न वर्षांत तिने दुसरी गाठ मारलेली मी पहिल्यांदा पाहिली. ते बघून जास्तच घाबरलो. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, डबा तिरका धरला, सुरीचं टोक झाकणाला लावलं, दाबलं…

सूंऽऽऽऽऽऽ! थांबेचना! बुडबुडे असे उसळले की समुद्राला उकळी फुटली. समुद्रपक्षी आले, आणि वास येताच गेले. पहिला उघडला, हात शाबूत. दुसरा, शाबूत. बाराव्याला बोटं मोजली, दहा भरली, आणि मी तिथेच पडून राहिलो.

मासा? मासा कसला, आत नुसती पेज! सासूने चमच्याने चाखली. “मासा वाया गेला,” म्हणाली, “झाकण मात्र चांगलं आहे. फक्त मुकं आहे.”

सहावी शिकलेल्याला चौथी शिकलेली बाई बरोब्बर बोलली! मग पुन्हा बसलो लेथवर. आठवी डाय. चर तोच, पायऱ्या त्याच, पण मधोमध नाण्याएवढा एक खळगा, आतल्या बाजूला दबलेला. आत दोनचा दाब झाला की तो खळगा बाहेर उडी मारतो, टॉक! शेजारच्या खोलीत ऐकू जातं. बाकीचं झाकण सपाट, दक्षिणेचे दुकानदार खूश. बायकांना बोटाने दाबून बघता येतं, मंडळ खूश. आल्गोत परत पाव घेऊन आला. सगळे खूश!

आणि मी? आता जुलैपासून ग्रोविकमध्ये कुणाच्याही फडताळात टॉक झालं की फोन मला. पहाटे, जेवताना, रविवारी. “हिल्डिंग, वाजला रे! ये!” गुनबोर म्हणते, “अरे, वाजला म्हणजे मासा झाला, एवढाच अर्थ ना?” अर्थ मला सांगते! तो अर्थ मी ठरवलाय, पत्र्यात कोरलाय, सगळं सगळं मला ठाऊक आहे, आणि तरी फोन ठेवला की घाबरतो, सरळ सांगतो… मग पातेलं बांधतो, खोक्यात पाणी ओततो आणि जातो. न जाऊन सांगतो कुणाला? झाकण माझं आहे.